रीफ टँकचा कंट्रोलर: कोणता घ्यावा हे ठरवण्याआधी काय बिघडेल ते लिहून काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडच्या फ्लॅटमध्ये संपासकट (टँकखालची, यंत्रं ठेवायची टाकी) २०० लिटर पाण्याचा रीफ टँक, म्हणजे समुद्री प्रवाळांचा टँक आहे, सात महिने झाले, त्यात दोन क्लाउनफिश आणि झोअँथिड, मशरूम, एक लेदर अशी सॉफ्ट कोरल (मऊ प्रवाळं) आहेत. दिवाळीत नऊ दिवस रत्नागिरीला जायचंय. घरात एक रास्पबेरी पाय (छोटा संगणक) आणि आठ रिलेचा (विजेच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचांचा) बोर्ड पडून आहे, पण मित्राचा सल्ला आहे की बाहेरून तयार कंट्रोलर (टँकची उपकरणं आपोआप चालू-बंद करणारं यंत्र) मागवावा. तेव्हा कोणता घ्यावा, त्याला काय काय जोडावं आणि आकडे काय ठेवावेत?

'कोणता' हा या तिन्हींतला सर्वांत सोपा प्रश्न आहे, म्हणून तो शेवटाकडे घेतो. मी नऊ वर्षं ठाण्यात आणि त्यानंतर पुण्यात रीफ टँक ठेवला आहे. एवढ्या काळात माझ्या पाण्यातले जीव कंट्रोलर नसल्यामुळे कमी गेले. जोडलेलं यंत्र बिघडलं आणि ते बिघडल्यावर काय होईल याचा विचार मी केलेला नव्हता, त्यामुळे जास्त गेले. म्हणून काहीही विकत घेण्याआधी वहीचं एक पान घ्या. डावीकडे प्रत्येक उपकरणाचं नाव लिहा: हीटर, पंखा, रिटर्न पंप (संपातलं पाणी वर चढवणारा), वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा), स्किमर (फेसातून घाण काढणारा), टॉप-अप पंप (उडालेलं पाणी भरून काढणारा), दिवा. प्रत्येकापुढे दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. हे अडकून चालूच राहिलं तर नऊ दिवसांत काय होईल? आणि अडकून बंदच राहिलं तर काय होईल? हे पान तयार झालं की सेटिंग्जचं निम्मं काम झालेलं असतं.

हीटरपासून सुरुवात करू, कारण सर्वाधिक टँक तिथेच जातात. हीटरचा थर्मोस्टॅट म्हणजे आत एक छोटा संपर्क असतो, तो दिवसातून कित्येक वेळा जुळतो आणि सुटतो. दरवेळी बारीक ठिणगी पडते आणि कधीतरी ती दोन टोकं एकमेकांना चिकटतात. रिलेचंही तसंच. म्हणजे 'चालूच राहिला' हा हीटरच्या बाबतीत दुर्मिळ अपघात नाही, तो त्याचा नेहमीचा शेवट आहे. आता हिशेब बघा. २०० लिटर समुद्री पाणी एक अंशाने तापवायला साधारण ८२० किलोज्यूल लागतात. ३०० वॉटचा हीटर तासाला १,०८० किलोज्यूल देतो, म्हणजे ताशी सव्वा अंशाहून जास्त. तुम्ही सकाळी ऑफिसला गेलात आणि संध्याकाळी परतलात, एवढ्या वेळात, बाहेर जाणारी उष्णता वजा केली तरी टँक धोक्याच्या पलीकडे गेलेला असतो. शंभर वॉटचा हीटर अडकला तर वेग ताशी अर्ध्या अंशाहूनही कमी असतो. तेवढ्या वेळात सूचना येते, कुणीतरी जाऊन प्लग काढू शकतं.

म्हणून एक मोठा हीटर नको, शंभर-शंभर वॉटचे दोन घ्या. दोघांच्या स्वतःच्या चकत्या २७ अंशांवर ठेवा आणि कंट्रोलरला सांगा की पाणी २५ च्या खाली गेलं की चालू करायचे आणि २५.४ ला बंद. रोजचं काम कंट्रोलर करेल. त्याचा रिले चिकटला तर हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट २७ ला थांबवेल. दोन्ही एकाच दिवशी बिघडण्याची शक्यता फारच कमी. पुण्यात ऑक्टोबरअखेरीला रात्री गारवा येतो, पण बंद फ्लॅटमध्ये टँक गोठायची भीती नसते. त्यामुळे शंका आली तर हीटर बंद राहिलेला बरा, हा नियम सगळीकडे लावा.

हीटर ठेवायचा कुठे? रिटर्न पंपाच्या कप्प्यात नको. बाष्पीभवनाने पातळी उतरते ती त्याच कप्प्यात, आणि टॉप-अप बंद पडला की हीटरची काच उघडी पडते. स्किमरच्या कप्प्यात पातळी स्थिर असते, तिथे ठेवा. शिवाय रिटर्न पंप थांबलेला असताना हीटर चालू राहू नये असा नियम घाला. नाहीतर संपातलं साचलेलं पाणी तापत राहतं आणि वर मासे गारठतात, तरी संपातला सेन्सर सगळं ठीक असल्याचं सांगतो. तापमानाचे सेन्सर दोन हवेत, एक संपात आणि एक वरच्या टँकमध्ये. दोघांत एका अंशाहून जास्त फरक दिसला तर सूचना यावी. या एका नियमाने पंप बंद पडलेला कळतो आणि सेन्सर बिघडलेलाही कळतो.

तुमच्या रास्पबेरी पायला लावायचा सेन्सर म्हणजे डीएस१८बी२०. त्याची अचूकता अर्ध्या अंशाची, म्हणून चांगल्या थर्मामीटरशी ताडून फरक नोंदवून ठेवा. त्याची दोन वैशिष्ट्यं लक्षात ठेवा. बाजारात मिळणारी त्याची 'स्टेनलेस' टोपी समुद्री पाण्यात काही महिन्यांत गंजू शकते. ती प्लास्टिकच्या नळीत घालून टोक इपॉक्सीने बंद करा. दुसरं, वीजपुरवठ्यात गडबड झाली की तो ८५ अंश असा आकडा देतो. पाणी ८५ अंशांवर गेलेलं नसतं, सेन्सर नुकताच जागा झाल्याची ती खूण आहे. एकदा तो आकडा दिसला म्हणून कंट्रोलरने पंखा चालू केला तर बिघडत नाही. पण सेन्सरची वायर सुटल्यावर शून्य वाचून हीटर चालू झाला तर बिघडतं. तुमचा कंट्रोलर अशा वेळी काय करतो हे माहितीपत्रकात शोधत बसू नका. सेन्सर उपटा आणि बघा.

आता थंडाव्याचं. कंट्रोलर मागवणारे बरेच जण अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या टँकचे आकडे वाचून हीटरवर सगळं लक्ष देतात. आपल्याकडे वर्षातले सात-आठ महिने प्रश्न उलटा असतो. पंखा पाण्यावर वारा घालतो, पाणी उडतं, आणि उडताना उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं तसंच. तुमच्या टँकमधलं साधारण ३४० मिलिलिटर पाणी उडालं की एका अंशाची उष्णता निघून जाते. पुण्यातल्या कोरड्या एप्रिलमध्ये दोन साधे पंखे तीन अंश सहज उतरवतात. ठाण्यात जुलैमध्ये हेच पंखे रात्रभर फिरूनही अर्धा अंश उतरत नसे, कारण हवेतच इतकी वाफ की पाणी उडायला जागा नाही. तिथे चिलरला पर्याय नव्हता. तुम्ही पुण्यात आहात आणि दिवाळीला पाऊस संपलेला असतो, तेव्हा पंखे पुरतील. २६.५ ला चालू, २६.१ ला बंद. हीटर बंद होतो तो २५.४ आणि पंखा बंद होतो तो २६.१, यांच्यामधलं अंतर मुद्दाम ठेवलंय. ते नसेल तर हीटर तापवतोय आणि पंखा निववतोय असा खेळ रात्रभर चालतो आणि वर पाणी उडत राहतं ते वेगळंच.

पुढे कधी चिलर घेतलात तर तो रिलेवर चालू-बंद करू नका. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर निदान तीन मिनिटं तरी पुन्हा सुरू होता कामा नये, आतला दाब उतरावा लागतो. चिलरला त्याच्या स्वतःच्या थर्मोस्टॅटवर चालू द्या, वेगळ्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर, आणि कंट्रोलरकडे फक्त पाणी २४ च्या खाली गेलं तर तोडण्याचं काम ठेवा.

पंखे लावले म्हणजे टॉप-अप आलाच, आणि तुमच्या नऊ दिवसांतली खरी जोखीम इथे आहे. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. समजा रोज दोन लिटर उडतात. नऊ दिवस काहीच भरलं नाही तर ३५ ची सॅलिनिटी (पाण्यातलं मीठ, हजारात किती) साडेअडतीसपर्यंत चढेल. त्याच्याही खूप आधी रिटर्न पंप कोरडा पडेल, कारण अठरा लिटरची घट त्या एका कप्प्यातून होणार. म्हणजे आपोआप भरणारी सोय हवीच. पण तिच्यासाठी अठरा-वीस लिटर आरओ-डीआयचं (गाळून क्षार काढलेलं) पाणी भरलेलं भांडं जवळ ठेवावं लागतं, आणि ते सगळं एकदम टँकमध्ये गेलं तर सॅलिनिटी बत्तिसाच्या आसपास येते आणि बहुधा संप ओसंडून पाणी फरशीवर येतं.

माझ्याकडे असं झालेलं आहे. टॉप-अपचं भांडं मी सोयीसाठी स्टुलावर ठेवलं होतं, संपातल्या पातळीपेक्षा उंच. नळीचं टोक पाण्यात बुडलेलं होतं. फ्लोट (पाण्यावर तरंगणारा पातळीचा स्विच) वर आला, कंट्रोलरने पंप बंद केला, नोंदीतही 'बंद' असंच उमटलं. पण नळी भरलेली होती आणि भांडं उंच होतं, त्यामुळे सायफन लागून पाणी वाहतच राहिलं. सकाळी भांडं रिकामं होतं आणि हॉलमधल्या गालिच्यावर पाणी होतं. दोन झेनिया कोरल वितळून गेली. त्या रात्री कंट्रोलरने एकही चूक केली नव्हती, म्हणूनच तो प्रसंग मला अजून आठवतो. नळीचं टोक पाण्याच्या वर ठेवणं आणि भांडं संपापेक्षा खाली ठेवणं, या दोन गोष्टी कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये लिहिता येत नाहीत.

तुमच्यासाठी मी असं करेन. टॉप-अपला साधा बुडवायचा पंप न लावता पेरिस्टॅल्टिक पंप लावा, म्हणजे नळी चेपत पाणी ढकलणारा, डोसिंगसाठी (कॅल्शियमसारखी द्रव्यं मोजून घालण्यासाठी) असतो तो. मिनिटाला ५० मिलिलिटर एवढाच वेग असलेला घ्या. थांबला की तो स्वतःच नळी दाबून धरतो, त्यामुळे सायफन लागत नाही. त्याला वीज द्या ती कंट्रोलरच्या रिलेतून आणि शिवाय एका साध्या टायमर सॉकेटमधून, जे सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तासच चालू असेल. म्हणजे सेन्सर अडकला, रिले चिकटला, काहीही झालं तरी दिवसाला तीन लिटरपेक्षा जास्त पाणी जाऊच शकत नाही. रोज दोन लिटर उडतात, तेव्हा जास्तीचा लिटर एक. नऊ दिवसांत नऊ लिटर, सॅलिनिटी साडेतेहतिसाच्या आसपास. सॉफ्ट कोरल आणि क्लाउनफिश एवढं सहज सोसतात. संपात तेवढी रिकामी जागा आहे का, ते मात्र आधी मोजा. रिटर्न पंप बंद केल्यावर वरून परत येणारं पाणी आणि हे नऊ लिटर, दोन्ही मिळून मावलं पाहिजे.

सेन्सरबद्दल एवढंच की फ्लोट आणि ऑप्टिकल (प्रकाशाने पातळी ओळखणारा) दोन्ही लावा. फ्लोटखाली गोगलगाय अडकते, ऑप्टिकलवर शेवाळ चढतं किंवा बुडबुडा बसतो, पण दोन्ही एकाच रीतीने फसत नाहीत. ऑप्टिकल रोजच्या कामाला आणि फ्लोट त्याच्या दोन सेंटिमीटर वर, 'आता बस' म्हणणारा. आणि रिटर्न पंप थांबून पुन्हा सुरू झाल्यावर दहा मिनिटं टॉप-अप बंद ठेवा. वरचा टँक भरेपर्यंत संपाची पातळी खालीच असते, कंट्रोलरला वाटतं पाणी उडालं, आणि प्रत्येक वीजखंडनाबरोबर थोडं थोडं गोडं पाणी जास्त जातं. स्किमरलाही हाच दहा मिनिटांचा उशीर द्या, नाहीतर कप भरून घाण परत संपात येते.

वीज गेल्यावर काय होतं हा पुढचा प्रश्न. लोक तापमानाची काळजी करतात, पण २०० लिटर पाणी हळूहळू निवतं, त्याला तास लागतात. आधी संपतो तो प्राणवायू. २५ अंशांच्या समुद्री पाण्यात तो पूर्ण विरघळला तरी लिटरला पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास असतो, त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यात सव्वाआठ. प्रवाह थांबला की मासे, जिवाणू, कोरल सगळे तो वापरत राहतात आणि वरून नवा येत नाही. रात्री शेवाळही त्यात भर घालत नाही. म्हणून घरच्या इन्व्हर्टरवर सर्वांत आधी एक वेव्हमेकर घ्या, पृष्ठभाग हलेल असा वळवून. त्यानंतर कंट्रोलर, आणि त्यानंतर वायफायचा राउटर. राउटर विसरतात. मग कंट्रोलर जिवंत असतो, त्याला सगळं दिसत असतं, पण तुमच्यापर्यंत काही पोचत नाही. इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा असेल तर एसी पंप गुरगुरतात आणि तापतात. साइन वेव्ह हवा, किंवा २४ व्होल्टचा डीसी पंप असेल तर उत्तमच. त्याशिवाय वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप मिळतो, तो एक लावून ठेवा. त्याचा कंट्रोलरशी काही संबंध नसतो, आणि हाच त्याचा गुण.

इथे एनसी (नॉर्मली क्लोज्ड) आणि एनओ (नॉर्मली ओपन) या रिलेच्या दोन टोकांचा प्रश्न येतो, आणि घरी जोडणी करणारे तो बहुतेक वेळा सोडून देतात. रिलेला तीन स्क्रू असतात. एनओवर जोडलेलं उपकरण कंट्रोलरने हुकूम दिला तरच चालतं, एनसीवरचं उपकरण कंट्रोलरने थांबवलं तरच थांबतं. आता वहीचं पान उघडा. रिटर्न पंप आणि वेव्हमेकर एनसीवर, म्हणजे कंट्रोलर मेला तरी ते फिरत राहतील. हीटर, टॉप-अप, डोसिंग एनओवर, म्हणजे कंट्रोलर मेला की ते थांबतील. तयार कंट्रोलरमध्ये हीच गोष्ट सेटिंगमध्ये असते. नेपच्यूनच्या एपेक्समध्ये प्रत्येक सॉकेटला 'फॉलबॅक' ठरवून देता येतो, मेंदूशी संपर्क तुटला तर चालू राहायचं की बंद. माझ्या ओळखीच्या कित्येकांनी महागडा कंट्रोलर घेऊन ही एक ओळ कधी पाहिलेलीच नाही.

म्हणून आता 'कोणता'. एपेक्स अमेरिकन, जीएचएलचा प्रोफिलक्स जर्मन, दोन्ही चांगले आहेत आणि दोन्ही आपल्याकडे मागवावे लागतात. बिघडल्यावर सुटा भाग किती दिवसांत मिळेल, हे घेण्याआधी विक्रेत्याला विचारा. अमेरिकेतून नातेवाइकांकरवी आणणार असाल तर पॉवर बारवरचा व्होल्टेजचा शिक्का आधी वाचा. तिथला बार १२० व्होल्टसाठी बनलेला असतो, आपल्या २३० वर तो लावायचा नाही, आणि साधा ट्रान्सफॉर्मर मध्ये घालून हीटर-पंपांचा भार त्यावर टाकणंही बरोबर नाही.

दुसरा मार्ग रीफ-पाय. रंजीब डे यांनी सुरू केलेला हा मुक्त-स्रोत प्रकल्प रास्पबेरी पायवर चालतो आणि ब्राउझरमधून हाताळता येतो. तापमान, टॉप-अप, दिवे, डोसिंग, पीएच, सगळं त्यात आहे. तुमच्याकडे पाय आणि रिले बोर्ड आहेच, तुम्हाला सोल्डरिंग येतं असंही तुम्ही लिहिलंय, आणि दिवाळीला अजून दोन महिने आहेत. तुम्ही रीफ-पायच करा. पैसे वाचतात हा भाग आहेच. पण स्वतः जोडलेल्या कंट्रोलरची प्रत्येक वायर कुठे जाते हे आपल्याला ठाऊक असतं, आणि रात्री अकराला काही अडलं तर फोनवरून शेजाऱ्याला 'डावीकडून तिसरा प्लग काढा' असं सांगता येतं. माझ्या दृष्टीने याचं मोल जास्त आहे. दोन महिन्यांऐवजी दोन आठवडे असते तर मी म्हटलं असतं, काहीच घेऊ नका, टायमर सॉकेट आणि हीटरसाठी वेगळा तापमान-नियंत्रक एवढ्यावर भागवा.

जोडताना तीन गोष्टी. तुमचा बोर्ड बहुधा पाच व्होल्टचा आणि उलट्या चालीचा असेल, म्हणजे पिन शून्यावर गेली की रिले लागतो. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात, त्यामुळे काही बोर्ड नीट सुटत नाहीत. मध्ये यूएलएन२८०३ चिप घालायची पद्धत आहे. ती घातली की चाल पुन्हा सुलट होते, हे सेटिंग करताना ध्यानात ठेवा. दुसरं, पाय सुरू होताना काही सेकंद पिनांवर कुणाचा ताबा नसतो आणि रिले टकटक करतात. यासाठी पहिले आठ दिवस टँकची उपकरणं लावूच नका. प्रत्येक सॉकेटला झिरोचा बल्ब लावा, वर 'हीटर', 'टॉप-अप' अशा चिठ्ठ्या चिकटवा, आणि सेन्सर एका बादलीत ठेवून खेळा. गरम पाणी ओता, बर्फ टाका, वीज घालवा, परत आणा. कुठला दिवा नको तेव्हा लागतो ते डोळ्यांना दिसतं. तिसरं, मेमरी कार्ड वीज जाता-येता खराब होतं. सगळं नीट बसल्यावर त्याची हुबेहूब प्रत काढून दुसरं कार्ड डब्यात ठेवून द्या.

२३० व्होल्टची बाजू मात्र जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच), तीन पिनांची खरी अर्थिंग, आणि हीटरसाठी भरभक्कम रिले. निळ्या छोट्या रिलेवर दहा अँपिअर छापलेलं असलं तरी मी दोनाच्या पुढे त्यावर भार टाकत नाही. बोर्ड स्टँडच्या आत संपावर टांगू नका. तिथली हवा खारट आणि दमट असते, वर्षभरात संपर्कांवर हिरवं चढतं. बाजूच्या भिंतीवर, कमरेच्या उंचीवर, बंद डब्यात लावा. आणि प्रत्येक वायरीला सॉकेटच्या खाली झोळ द्या. वायरीवरून ओघळलेलं पाणी त्या झोळाच्या तळाशी ठिबकून जातं, प्लगमध्ये शिरत नाही.

पीएच प्रोबचं तुम्ही विचारलंय. लावायचा तर लावा, पण नुसता बघायला. त्यावर एकही उपकरण चालवू नका. प्रोबचं कॅलिब्रेशन दीड-दोन महिन्यांत सरकतं, वर्ष-दीड वर्षात तो म्हातारा होतो, आणि शेजारच्या पंपाच्या विजेनेही त्याचा आकडा हलतो. शिवाय बंद फ्लॅटमध्ये चार माणसं जेवायला बसली की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि टँकचा पीएच उतरतो. त्यात टँकचा काहीच दोष नसतो. खिडकी उघडली की तो परत चढतो. अशा आकड्यावर विसंबून कंट्रोलरने बफर (पीएच चढवणारं द्रव्य) ओतायला सुरुवात केली तर अल्कलिनिटी (पीएच टिकवून धरण्याची पाण्याची ताकद, डीकेएच या एककात मोजतात) कुठच्या कुठे जाईल.

डोसिंग तर तुम्ही आत्ता लावूच नका. आपल्याकडे खडक बांधणारी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, वाघाच्या रांगेत, आणि गॉर्गोनियनसुद्धा (पंख्यासारखी दिसणारी प्रवाळं). तुम्ही सॉफ्ट कोरलवर थांबलात ते योग्यच आहे, कुणी कितीही सुंदर तुकडा 'गुपचूप' देऊ केला तरी थांबलेलेच राहा. सॉफ्ट कोरल कॅल्शियम फार खात नाहीत. दर पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदलत असाल तर अल्कलिनिटी आठ-नऊ डीकेएच आणि कॅल्शियम चारशेच्या वर सहज राहतं. टॉप-अपच्या पाण्यात चुन्याची निवळी घालायचा सल्ला तुम्हाला मिळालाय. सल्ला चुकीचा नाही, मी स्वतः वापरतो. पण निवळीचा पीएच बाराच्या वर असतो. साधं पाणी जास्त गेलं तर सॅलिनिटी उतरते, निवळी जास्त गेली तर एका रात्रीत टँक दुधाळ होतो आणि मासे मरतात. घरात कुणी नसताना निवळी नको.

दिव्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. साधा टायमर पुरतो. नऊ दिवसांत दोन दिवस दिवा लागलाच नाही तरी झोअँथिड मिटून बसतील आणि पुन्हा उघडतील.

सूचना मोजक्याच ठेवा. तापमान २४.५ च्या खाली किंवा २७.५ च्या वर, दोन सेन्सरमध्ये फरक, फरशीवरचा गळती-सेन्सर ओला, वीज गेली, आणि टॉप-अपने दिवसाचा पूर्ण वेळ वापरला. एवढ्या पाच. मी एकदा वीस सूचना लावल्या होत्या. तिसऱ्या दिवशी फोन वाजला तरी बघेनासा झालो आणि खरी सूचना त्यातच आली. सहावी एक सूचना कंट्रोलर स्वतः देऊ शकत नाही: 'मी बंद पडलोय' ही. त्यासाठी कंट्रोलरने दर दहा मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या सेवेला हाक द्यायची आणि हाक आली नाही तर त्या सेवेने तुम्हाला कळवायचं, अशी व्यवस्था करा. तीही जमली नाही तर रोज सकाळी आणि रात्री स्वतः आकडे उघडून बघा.

निघण्याआधी दोन आठवडे, एका शनिवारी, घरात असतानाच रंगीत तालीम करा. बिघाड मुद्दाम घडवायचे, पण ते स्वतः निस्तरायचे नाहीत, नुसतं बघायचं. सकाळी हीटरचा प्लग काढून ठेवा, सूचना यायला किती तास लागतात ते लिहा. मग संपातला सेन्सर पाण्याबाहेर काढा. टॉप-अपचा ऑप्टिकल सेन्सर कोरडा करून धरा आणि फ्लोट वेळेवर थांबवतो का ते बघा. रिटर्न पंप बंद करा, संप ओसंडतो का बघा, आणि वरच्या नळीच्या सायफन तोडणाऱ्या छिद्रात शेवाळ अडकलेलं नाही ना तेही. शेवटी घराचा मेन स्विच बंद करून तासभर बसा, मग चालू करा आणि सगळी उपकरणं हात न लावता आपापल्या जागी येतात का ते पाहा. पहिल्या तालमीत काहीतरी अडणारच. पुढच्या शनिवारी तेवढंच पुन्हा करा. त्यानंतर निघेपर्यंत एकही सेटिंग बदलू नका, नवा मासा आणू नका, फिल्टर धुऊ नका.

आणि शेजारच्या काकूंना किल्ली द्या. स्वयंचलित फीडर मी लावत नाही, दमट हवेत गोळ्या चिकटून एकतर पडत नाहीत किंवा एकदम गठ्ठा पडतो. दोन क्लाउनफिश दिवसाआड थोडं खाऊन नऊ दिवस आरामात राहतात. औषधाच्या गोळ्यांच्या डबीत, ज्या वारी खायला घालायचं त्या वाराच्या कप्प्यात, मोजून खाऊ भरा. बाकीचा डबा कपाटात ठेवा, समोर दिसला की मायेने जास्त पडतो. स्टँडच्या दारावर मोठ्या अक्षरात एक कागद लावा: फरशी ओली दिसली तर लाल चिठ्ठीचा प्लग काढा आणि फोन करा, पाणी हलताना दिसलं नाही तर निळ्या चिठ्ठीचा प्लग पलीकडच्या सॉकेटला लावा आणि फोन करा. निघायच्या आदल्या दिवशी काकूंना घरी बोलावून ते दोन्ही प्लग त्यांच्याच हातांनी एकदा काढून लावून घ्या.